दुधी काचेमागचा माणूस

३ मार्च

एकदाचा येऊन पडलो. टेम्पोवाल्याने सामान रस्त्यावर उतरवलं आणि जिना बघितल्याबरोबर त्याची कंबर धरली. मग पेट्या मीच एकेक करून वर आणल्या. बरंच झालं, माझे कॅमेरे मी असेही कुणाच्या हातात देत नाही.

दोन खोल्या, वरचा मजला. पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी, उजेडाची चैन. आणि न्हाणीघराला खिडकीच नाही! दुसरा कुणी नाक मुरडून निघून गेला असता. मी मात्र घरमालकीणबाईंना तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला असा मिट्ट काळोख शोधून सापडत नाही.

बाई खालीच राहतात. एकट्या असतात, त्यामुळे बोलायचा साठा भरपूर. बायको कुठे, मुलं किती, पेट्यांत काय, सगळं जिन्यातच विचारून घेतलं. मी सांगितलं, बायको तिच्या भावाकडे असते आणि सुखात आहे असं ऐकतो, मुलगी एक, पेट्यांत जुने घडीचे प्लेट कॅमेरे. त्या म्हणाल्या, अगंबाई, चालतात का अजून? मला बाई आवडल्या. बाकीचे लोक विचारतात, आता याचा उपयोग काय.

त्यांना एक उघडून दाखवला. मिटलेला असला की जाडजूड पुस्तकाएवढा. पुढची फळी पाडली की तिच्यावरच्या रुळांवरून लेन्स पुढे ओढायची, मागोमाग चामड्याचा भाता उलगडत येतो. मागे दुधी काच. डोक्यावर काळं फडकं घेऊन तिच्यात बघायचं, तिथे समोरचं जग उलटं टांगलेलं दिसतं. बायको म्हणायची, या डब्यांशीच लग्न लावायचं होतंत, मला कशाला आणलीत. तिचं काही अगदीच चूक नव्हतं, पण तिच्या तोंडावर ते कबूल करण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

चिंगी तेवढी माझी. लहानपणी फडक्याखाली माझ्या पोटाशी शिरायची आणि उलटी माणसं बघून खिदळायची. आता तिशीला आली, तरी फोनवर पहिला प्रश्न, बाबा, नवीन कुठला घेतलात? एप्रिलमध्ये राहायला येणार आहे. मग परदेशी नोकरीवर, परत कधी ते तिलाही माहीत नाही. जगात मला बघून आनंद होणारं हे एकच माणूस उरलं आहे. तिच्यासाठीच ही खिडकीची खोली घेतली.

७ मार्च

वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात बघून एका घरी गेलो. साठी उलटलेल्या बाई, घर लख्ख. नवऱ्याचे कॅमेरे काढून टाकायचे होते. नवरा कुठे, तर म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी भरल्या घरातून नाहीसे झाले. चपला दाराशी तशाच, चष्मा टेबलावर तसाच. सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

खिडकीशी आरामखुर्चीत एक म्हातारा बसला होता. दाढी वाढलेली, नजर माझ्यावर. बाईंनी ओळख करून दिली नाही. मी आपली मान हलवून नमस्कार केला, तर तो चोरी पकडल्यासारखा दचकला. मी एक कॅमेरा उचलला तेव्हा तो नको, नको असं पुटपुटला. बाईंनी ढुंकून बघितलं नाही. दीर असेल आणि बोलणं बंद असेल, असं मी ठरवलं. घरोघरी मातीच्या चुली.

आणि खरं सांगायचं तर मला म्हाताऱ्याकडे बघायला फुरसत नव्हती. कॅमेरा असा की भात्याला टाचणीएवढं भोक नाही, लेन्स आतून पाण्यासारखी. घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

१० मार्च

पहिला फोटो घरमालकीणबाईंचा. नको नको म्हणत नवी साडी नेसून आल्या.

त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. दुधी काचेवर चित्र नीट बसलं की काच काढायची आणि तिथे प्लेटची चपटी डबी बसवायची. डबीवर सरकता पत्रा असतो, तो उपसून काढायचा, मग बटण. पत्रा काढायला विसरलात तर प्लेट कोरी. या खटाटोपात शेवटच्या क्षणी समोर काय आहे ते काचेत बघता येत नाही, म्हणून मी फडक्याबाहेर येऊन माणसाच्या डोळ्यात डोळा घालून बटण दाबतो. बाई थेट माझ्याकडे बघत होत्या. बटण वाजताच इकडेतिकडे बघत उठल्या आणि खाली गेल्या.

संध्याकाळी प्लेट धुतली. साडीचा धागा न् धागा मोजून घ्यावा अशी लेन्स. फक्त बाईंची नजर माझ्यावर नाही. किंचित बाजूला, कुणी नसलेल्या जागेवर. डोळे मिचकावले असतील ऐनवेळी.

१४ मार्च

बाईंचं तोंड बंद झालं. जिन्यात शेजारून गेल्या, हूं की चूं नाही. मी हाक मारली तर पायरी पुसत बसल्या. फोटो आवडला नसेल, असं म्हणावं तर तो अजून दाखवलेलाही नाही. जाऊ दे. गेल्या जन्मी काहीतरी पुण्य केलं होतं म्हणून ही शांतता.

समोरच्या शिंप्याचा फोटो काढला. हा बोलका, गमत्या. माझं माप घेताना म्हणाला होता, काका, पँट शिवू का तंबू? त्याला मुद्दाम माझ्या जुन्या कॅमेऱ्याने घेतला, नव्या लेन्सशी ताडून बघायला.

त्याचीही नजर बाजूला.

१८ मार्च

दार आतून लावून लिहायला बसलो.

पँट आणायला गेलो. शिंपी आल्यागेल्याशी बोलतो, हसतो, मी समोर उभा आणि माझी खिजगणती नाही. मी आवाज चढवला. मी काय हवा आहे का, असं विचारलं. एक गिऱ्हाईक माझ्याकडे बघून मग शिंप्याकडे बघायला लागलं. शिंपी त्याला म्हणाला, काय झालं हो? जेवणाची वेळ झाली तसा तो उठला, पंखा बंद केला आणि बाहेरून शटर ओढून घेतलं. मी आत.

लाथा घातल्या शटरवर. थोड्या वेळाने त्याने वर उचललं, वाकून आत बघितलं. माझ्या पायांतून, पोटातून, आरपार. मेली मांजरं, म्हणाला. मी त्याच्या बगलेखालून बाहेर आलो तेव्हा माझा खांदा त्याला घासला, तर अंगावर पाल पडल्यासारखा किंचाळला.

२१ मार्च

बाई एका जोडप्याला खोल्या दाखवायला वर आल्या. आधीचा माणूस सामान टाकून नाहीसा झाला, असं सांगत होत्या. मी टेबलाशी बसून प्लेट पुसत होतो. त्या मुलीने मला नमस्कार केला. तिच्या नवऱ्याने बाईंना विचारलं, हे कोण? बाई म्हणाल्या, हे कोण म्हणजे कोण? ती दोघं एकमेकांकडे बघून जिना उतरून गेली. जवळजवळ पळत.

नाहीसा झाला. हेच शब्द मी त्या दुसऱ्या बाईंच्या तोंडून ऐकले होते.

२२ मार्च

त्या घरी जाऊन आलो. बाई पाणी आणायला आत गेल्या तसा मी आरामखुर्चीपाशी गेलो. म्हातारा म्हणाला, काढलेत ना फोटो? मला दिसतंय तुमच्या तोंडावर.

तो दीर नाही. तोच नवरा.

सांगत होता, ज्याचा फोटो काढाल त्याला तुम्ही पुन्हा दिसत नाही, तुमचा आवाजही ऐकू येत नाही. बाकीच्या जगाला दिसता. त्याने लग्नाच्या वाढदिवसाला बायकोचा काढला. त्या दिवसापासून ती त्याला शोधते आहे आणि तो समोर बसून आहे. भांडं वाजलं तरी ती घाबरते, म्हणून तो घरात चोरासारखा वावरतो. चिठ्ठ्या लिहिल्या, तिला त्या कोऱ्या दिसतात. एकदा तिने त्याच्या अशाच एका पानावर वाणसामान लिहिलं. कॅमेरा मोडून उपयोग नाही म्हणाला, तो एकदा वापरला की ते हाताला लागतं. मग कुठल्याही कॅमेऱ्याने काढा, फोनने काढा.

मी विचारलं, मग मला धरून का नाही सांगितलंत? तो माझ्याकडे बघत म्हणाला, नको म्हणालो होतो की. एकदा म्हणालो, दोनदा म्हणालो. त्यापेक्षा जास्त सांगावंसं वाटलं नाही, कारण तो कॅमेरा घरातून जायला हवा होता. तुमचं माणूस असेल एखादं, तर त्याचा काढू नका.

बाई पाणी घेऊन आल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तुमचे यजमान त्या खुर्चीत आहेत. त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या तोंडावर फेकलं आणि दार दाखवलं. म्हातारा हसला. असलं कडू हसू मी बघितलेलं नव्हतं. आता आरशात बघतो आहे.

२९ मार्च

सगळे कॅमेरे पेट्यांत घातले. तो एक नदीत टाकायला नेला आणि परत आणला. वस्तूचा काय दोष, असं मनाशी म्हणालो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

बाई आणि शिंपी गेले तर गेले. त्यांच्यावाचून माझं काही अडत नाही. चिंगीचा फोटो काढायचा नाही, एवढंच. एवढं एक जमायला काय हरकत आहे?

१२ एप्रिल

चिंगी आली! जिन्यातूनच बाबा, बाबा. माझ्याकडे बघितलं. थेट बघितलं! दाढी का वाढवलीत म्हणून रागावली. मी इतका वेळ तिचं बोलणं ऐकत बसलो की शेवटी तिने विचारलं, असे काय बघताय?

म्हणते खालच्या बाई चक्रम आहेत. वर कुणी राहत नाही म्हणाल्या.

१६ एप्रिल

चिंगीला फोटो हवा आहे. बाबांनी काढलेला, काचेवरचा, तिकडे बरोबर न्यायला. मी म्हटलं प्लेटा संपल्या. तिने पेटी उघडून प्लेटा दाखवल्या. मी म्हटलं उजेड नाही. ती खिडकीकडे बघून हसली.

मग खरं सांगितलं. सगळं. ती ऐकत होती, ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. माझं कपाळ चाचपलं. डॉक्टरकडे जाऊ या का, असं हळू आवाजात विचारलं.

१८ एप्रिल

आईशी फोनवर बोलत होती. ऐकू आलं. आई, तू म्हणायचीस तेच खरं, त्या डब्यांनी बाबांचं डोकं — माझा एक फोटो नाही काढत. परक्यांचे काढतात, माझा नाही.

रडत होती. परवा तिचं विमान. अशी रुसून गेली तर परत येणारच नाही मला बघायला.

१९ एप्रिल

उपाय सापडला. सोपा आहे. सगळं करायचं, फडकं, काच, डबी, आणि पत्रा काढायचाच नाही. बटण वाजेल, प्लेटवर काही उमटणार नाही. फोटो निघालाच नाही म्हणजे झालं! प्लेट खराब निघाली म्हणून सांगेन. ती हसत जाईल. किती साधं.

तिला सांगितलं, उद्या सकाळी काढू. गळ्यात पडली.

२० एप्रिल

खिडकीत बसवली. काचेवर उलटी चिंगी, हसणारी. काच काढली. डबी बसवली. मनात घोकत होतो, पत्रा नाही, पत्रा नाही — फडक्याबाहेर आलो. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशी. बटण दाबलं.

मग तिची नजर माझ्यावरून सरकली. बाजूला. बाबा, म्हणाली.

खाली बघितलं. डाव्या हातात पत्रा.

मी नाही काढला. हाताने काढला. जन्मभर डबी बसवली की हात पत्रा उपसतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही — मी घोकत होतो आणि तो आपलं काम —

तेव्हाच

ती न्हाणीघरात बघून आली. खाली विचारून आली. माझा फोन लावला, तो टेबलावर वाजला, तिने उचलून छातीशी धरला. दाराशी माझ्या चपला. त्यांच्याजवळ बसली आहे.

ओरडतो आहे मी. चिंगे. चिंगे, इकडे.

खांद्यावर हात ठेवला — किंचाळली. पुन्हा नाही ठेवणार. तिला भीती नको वाटायला माझी —

बॅग भरते आहे. विमान चुकेल. आईला फोन केला, बाबा मला न सांगताच गेले म्हणाली. न सांगताच —

कागद शोधते आहे. बाबांना चिठ्ठी ठेवते, असं स्वतःशीच म्हणाली. टेबलाकडे आली. ही वही — तिला कोरी दिसणार सगळी — पान धरलं, मी हाताने दाबून — ओढते आहे — चिंगे, वाच, वर वाच — नाही, पेन टेकवलं, माझ्या अक्षरांवरूनच लिहायला लागली, बाबा, तुम्ही असे कुठे