बोर्डावरचा दहा नंबरचा पाना

मी, शेवटी सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण सातवी नापास, धंदा विमानांचा मेकॅनिक, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. पूर्ण नाव वकिलांनी सोबतच्या कागदावर टाईप केलं आहे. इथे मी मिस्त्री असंच लिहितो, कारण बेचाळीस वर्षांत या विमानशाळेत मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तब्येत चांगली आहे असंही त्यात लिहिलं आहे. दाखला कपाटाच्या वरच्या फळीवर पिवळ्या पाकिटात आहे. दुसऱ्या फळीवरही एक पिवळं पाकीट आहे, त्यात गॅसचं पुस्तक आहे, ते उघडू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोरला मुलगा म्हणाला होता, "बाबा, आधी मला दाखवा, मग सही करा." मी दाखवलेलं नाही.

याआधी मी दोन मृत्युपत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. त्यांचा एखादा तुकडा सापडला तर तो धरू नये.

१. घर. हँगरमागच्या दोन खोल्या माझ्या बायकोला द्याव्यात. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये. हे कलम मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, विमानांच्या आवाजाने मी बहिरी झाले, तेव्हा कुठे तुम्हाला खोल्या माझ्या नावावर करायचं सुचलं." मी पुन्हा मोठ्याने वाचलं. तिला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

२. बँकेत जे असेल ते निम्मं बायकोला आणि निम्मं धाकट्या मुलीला. धाकटीला विमान शिकायचं होतं आणि मी तिला एकाही विमानात बसू दिलं नाही. मुलगी म्हणून अडवलं असं ती आजही समजते. ते तसं नव्हतं. कारण सहाव्या कलमात आहे.

३. सायकल. ही गवत कापणाऱ्याला द्यायची होती. धावपट्टीच्या कडेचं गवत तो तीस वर्षं कापतो आहे आणि माझी सायकल न विचारता नेतो आहे. पण तो साक्षीदार होणार आहे, आणि वकील म्हणाले की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी म्हटलं, मग त्याच्या बायकोला देतो. म्हणाले, तेही नको. म्हणून सायकल त्याला आजच देऊन टाकली. मागचा ब्रेक लागत नाही हे सांगितलं आहे.

४. कँटीनवाल्याला माझा झाकणाचा मोठा डबा द्यावा. तो उरलेलं अन्न भिंतीमागे टाकतो, तिथे पक्षी जमतात आणि विमानं नेमकी तिथूनच उठतात. मी त्याला अकरा वेळा सांगितलं. दर वेळी म्हणतो, "मिस्त्री, तुम्ही फार काळजी करता." डबा त्याला सगळ्यांसमोर द्यावा.

५. हत्यारं. माझी स्वतःची पेटी शाळेच्या वर्कशॉपला द्यावी. शाळा कशी वाढली ते थोरल्याने माहितीपत्रकात छापलं आहे, पण त्यात रोलर नाही, म्हणून लिहितो. ही जमीन माझ्या वडिलांची. लांबलचक, कडक, काही न पिकणारी. मी पाण्याचे पंप दुरुस्त करायचो. एक दिवस कॅप्टन ट्रकमधून दोन सीटचं जुनं विमान घेऊन आले, पंख वेगळे बांधलेले. म्हणाले, "पंपाचं इंजिन उघडता ना? हेही इंजिनच आहे. फक्त हे मध्येच बंद पडलेलं चालत नाही." आम्ही दोघांनी दगड वेचले आणि चार महिने रोलर ओढला. पहिल्या वर्षी तीन विद्यार्थी होते. त्यातला एक पहिल्या उड्डाणात ओकला आणि वही न घेताच गेला. मग दुसरं विमान आलं, पत्र्याच्या शेडचं हँगर झालं, मातीवर डांबर आलं. आता सोळा विमानं आहेत, वसतिगृह आहे, आणि जागचं न हलणारं एक खोटं विमान आहे, ज्यात बसून मुलं घामाघूम होतात. कॅप्टन जाऊन नऊ वर्षं झाली. शाळा थोरला चालवतो. चांगली चालवतो.

हँगरमधला निळा बोर्ड माझी कल्पना. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली आहे. हत्यार काढलं की खालची आकृती उघडी पडते. बोर्ड भरल्याशिवाय विमान दाराबाहेर काढायचं नाही, हा नियमही माझाच. कॅप्टनना त्याचा फार अभिमान होता.

६. एकोणीस वर्षांपूर्वी तीन नंबरच्या विमानाच्या तळाच्या पाट्या उघडून मी काम केलं. संध्याकाळी बोर्डावर दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती. दोन दिवस विमानं आत ठेवली. गटार पाहिलं, गवत पाहिलं, स्वतःचे खिसे पाहिले. विमानात बॅटरी मारून पाहिलं. सगळ्यात मागची पाटी काढायची तर सीट काढावी लागते, त्यात आणखी एक दिवस जातो. ती मी काढली नाही.

कॅप्टन म्हणाले, "मिस्त्री, मुलं बाकावर बसून कंटाळली. परवा चौथ्या विमानाच्या परवान्यासाठी पाहणी आहे. तुमचा पाना सापडेपर्यंत शाळेला कुलूप लावू का?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी बोर्ड भरलेला असेल."

बाजारात जाऊन तसाच पाना आणला. फार चकाकत होता, म्हणून वाळूने घासला, जळक्या तेलात बुडवून ठेवला आणि सकाळी टांगला. कॅप्टननी बोर्ड पाहिला आणि दार उघडायला सांगितलं.

नऊ दिवस काही झालं नाही. दहाव्या दिवशी इन्स्ट्रक्टर बाई एकट्याच ते विमान घेऊन गेल्या. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, आमच्याकडच्या पहिल्या बाई. उतरताना नाक वर उचलायचा दांडा मागे येईना. विमान नाकावर आपटलं. स्ट्रेचरवरून त्या मला म्हणाल्या, "काका, दांडा अडकला. खालून काहीतरी अडकलं हो." मी त्यांचा एक बूट हातात धरून उभा होतो.

त्याच दुपारी मोडकं विमान हँगरमध्ये ओढून आणलं. कॅप्टन बाईंबरोबर हॉस्पिटलात होते. मी मागची पाटी काढली. पाना दांड्याच्या सळईखाली होता, थोडा वाकलेला. मी तो खिशात घातला.

चौकशीचे साहेब तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी विचारलं, "हत्यारं मोजता का?" कॅप्टन त्यांना बोर्डापाशी घेऊन गेले आणि मला म्हणाले, "सांगा मिस्त्री, त्या दिवशी बोर्ड भरलेला होता ना?"

मी म्हटलं, "भरलेला होता."

साहेबांनी बोर्डाचा फोटो काढला. अहवालात आलं की बाईंनी घाई केली आणि उंचीचा अंदाज चुकला. लायसन्स गेलं. डावा पाय आखूड झाला. कॅप्टननी दया करून त्यांना प्रवेशाच्या टेबलावर बसवलं. एकोणीस वर्षं त्या तिथे बसून दुसऱ्यांचे फॉर्म भरतात. दर बॅचला पहिल्या दिवशी थोरला बोर्डासमोर उभा राहतो. आता बोर्डाला काच आहे, कुलूप आहे. तो सांगतो, "आपल्याकडे आजवर एकच अपघात झाला, तोही एका इन्स्ट्रक्टरच्या घाईमुळे." मध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. पलीकडे बाई बसलेल्या असतात. अकरा वाजता मी तिथून गेलो की विचारतात, "काका, चहा घेतलात का?"

याचं मला काय वाटतं ते लिहायला वकिलांनी सांगितलेलं नाही, आणि मला ते नीट सांगताही येत नाही. पूर्वी वाटायचं. आता सकाळी उठतो, गॅस बंद आहे का बघतो, डबा जागेवर आहे का बघतो.

७. तो डबा, म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा, आणि त्यातला पाना, माझ्या मृत्यूनंतर बाईंना द्यावा. गंजू नये म्हणून दर वर्षी तेल लावलं आहे.

८. धावपट्टीखालची जमीन थोरल्याला द्यावी, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर त्याने सहावं कलम सगळ्या विद्यार्थ्यांसमोर बोर्डापाशी उभं राहून वाचावं, आणि त्याची प्रत चौकशीच्या कार्यालयात द्यावी. त्याने ते केलं नाही तर जमीन धाकटीला जावी.

९. पुरवणी. वरचं काल लिहून झालं. आज अकरा वाजता मी टेबलाजवळून जात होतो, तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला साक्षीदार हवेत म्हणे. मी करते की सही. दिवसभर दुसरं काय करते?"

मी म्हटलं, "तुमची चालत नाही."

"का? पाय आखूड आहे म्हणून?" त्या हसत होत्या.

"ज्याला काही मिळणार त्याची चालत नाही."

"मला काय देताय, सायकल?"

"सायकल गेली."

मी घरी गेलो, डबा आणला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी तो उघडला. पाना हातात घेऊन उलटा केला, वाकलेल्या जागेवर अंगठा ठेवला. फोन दोनदा वाजला. त्यांनी उचलला नाही.

मग म्हणाल्या, "बोर्डावरचा कुठला?"

"बाजारातला."

"आणि हे मला कधी कळणार होतं?"

"माझ्यानंतर."

त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची तब्येत चांगली आहे. दाखला पण आहे."

काका म्हणाल्या नाहीत. एक कोरा फॉर्म उलटा करून माझ्यासमोर सरकवला आणि वर पेन ठेवलं. "लिहा. चौकशीच्या कार्यालयाला. आजची तारीख घाला."

मी लिहिलं. दीड पान झालं. त्यांनी वाचलं, घडी केली, पाना पर्समध्ये टाकला आणि पत्र स्वतः द्यायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "तोवर टेबल बघा." मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. फोन आला, एक माणूस विचारत होता की प्रवेश चालू आहेत का. मी म्हटलं, बाई बाहेर गेल्या आहेत.

म्हणून सातवं कलम पूर्ण झालं असं समजावं. आठव्या कलमातले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत आणि बाजूला सही केली आहे. थोरल्याला बोलावून काचेच्या कुलपाची किल्ली मागितली. तो म्हणाला, "बाबा, अहो उद्या नवी बॅच आहे." मी म्हटलं, म्हणूनच. त्याने आधी सहावं कलम उभ्यानेच वाचलं. मग बराच वेळ प्लायवूडच्या भिंतीकडे बघत राहिला. किल्ली टेबलावर ठेवून गेला. बाजारातला पाना मी काढला आहे. त्या जागी दुसरा पाना कोणीही टांगू नये.

हे सर्व मी समजून लिहिलं आहे आणि खालच्या दोघांसमोर सही करत आहे. त्यांनीही माझ्यासमोर सही केली.

सही: मिस्त्री
साक्षीदार पहिला: गवत कापणारा. सायकल आधीच मिळाली.
साक्षीदार दुसरा: दाखला देणारे डॉक्टर. काही मिळणार नाही.

ठिकाण: प्रवेशाचं टेबल
तारीख: ९ नोव्हेंबर २०२१, मंगळवार, दुपारचे चार. बाई अजून आलेल्या नाहीत. मी बसून आहे.