कॅबिनेटला बांधलेलं लुगडं

बाबा,

आज नवा कॉम्प्युटर जोडायला घेतलाय. सुटे भाग मेजावर मांडून बसले आहे आणि सारखं वाटतंय, तू आत्ता खुर्ची ओढून शेजारी बसशील आणि एकेक वस्तू उचलून विचारशील, "ह्यां कशाक गो?" पहिला जोडला तेव्हा असाच बसला होतास. मी नुकती पणजीला नोकरीला लागले होते आणि गेम खेळायचं माझं वेड काही सुटत नव्हतं. दुकानातला तयार कॉम्प्युटर मला नको होता. प्रोसेसर कुठला, त्याला जुळेल असा मदरबोर्ड कुठला, ग्राफिक्स कार्ड केवढं, सगळं मला स्वतः निवडायचं होतं. शनिवारी एकेक खोका मांडीवर घेऊन मी बसने सुर्ल्याला घरी यायचे. आई म्हणायची, लोकांच्या मुली भांडीकुंडी जमवतात, ही पत्रे जमवते.

तू मात्र कधी हसला नाहीस. खाणीवरून ट्रक घेऊन आलास की आधी न्हाणीत जाऊन हातांचा खनिजाचा तांबडा रंग निघेपर्यंत चोळायचास आणि मग प्रोसेसर तळहातावर घेऊन जनेल उघडून उजेडात उभा राहायचास. एवढ्याशा चौकोनात कोट्यवधी बारीक खटके आहेत, असं मी सांगितलं, तेव्हा तू तो डोळ्यांजवळ धरून उलटसुलट पाहिलास. मग हळूच विचारलंस, "ह्यां माणसान केल्यान?" मी हो म्हटलं, आणि माझ्याही अंगावर काटा आला. तोवर मी फक्त त्याच्या वेगाचे आकडे वाचले होते, तो कुणीतरी बनवला असेल हे मनातच आलं नव्हतं.

हे सगळे भाग बसवायचं कॅबिनेट घ्यायला तू सुट्टी टाकून आलास. दुकानदाराने निळ्या दिव्यांचं, बाजूला जाळी असलेलं दाखवलं. ट्रकचा हौदा तपासावा तसा तू बोटांनी पत्रा वाजवलास आणि वारा कुठून आत जातो ते विचारलंस. "आमच्याकडे धूळ असता," तू म्हणालास. धूळ सगळीकडेच असते, असं तो म्हणाला. त्याने आमचं खाणीशेजारचं सुर्लं पाहिलं नव्हतं. मी जाळीचंच घेतलं, कारण ग्राफिक्स कार्ड तापणार होतं. बसमध्ये तू तोंड फुगवून बसलास.

ती धूळ तुझ्या छातीतही बसली होती. ट्रक सोडा, असं डिचोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने जेवताना विषय काढला की तू ताट उचलून पडवीत जायचास. जन्मभर गाडी हाकलेला माणूस घरात बसून करणार काय, हे तुझं ठरलेलं उत्तर. खोकल्याची उबळ आली की तू पाठ फिरवायचास, म्हणजे जणू आम्हाला ऐकू येणार नाही. तू जाशील या भीतीने मला कामावरही काही सुचत नसे.

स्वयंपाकघरातल्या मेजावर रविवारी सगळं जोडलं. पंखे फिरले, पडदा उजळला आणि नकळत तू हात जोडलेस. मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. अर्ध्यात पोचले आणि कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. सगळ्या वायरी तपासल्या, मी रडकुंडीला आले. शेवटी कॅबिनेट फिरवलं, तर भिंतीकडच्या जाळीवर आईच्या जुन्या लुगड्याची दुहेरी घडी सुतळीने गच्च बांधलेली. ट्रकच्या एअर क्लिनरला तू बांधायचास तशीच.

"धूळ जायत भितूर म्हणान बांधलंय," तू म्हणालास.

मला रागवताही येईना. "बाबा, गुदमरला तो. फार तापला की आपणच बंद होतो."

तू तापलेल्या पत्र्यावर हात ठेवलास. "आपणच? कोणी सांगूक नको?"

"नको."

"जळूच्या आदी?"

"हो."

तू खुर्चीत टेकलास. "आमच्या इंजिनाक ह्यां कळणा नाय," म्हणालास, आणि थोड्या वेळाने, "आमका पण नाय." आई भाकरी उलटायची थांबली. मी खाली मान घालून गाठ सोडवत राहिले.

त्याच आठवड्यात तू ट्रकची चावी मालकाला परत दिलीस. यंत्राने ते करून घेतलं असं मी म्हणणार नाही. पण पत्र्यावर हात ठेवलेला तुझा चेहरा मी पाहिला होता. देवळात गेल्यावरही तुझा चेहरा तसा झालेला मला आठवत नाही. पुढे काही वर्षं तू आम्हाला मिळालास. शर्यतीच्या त्या गेममध्ये तू वळणावळणाला हॉर्न द्यायचास, मागच्यांना वाट द्यायचास, डावी बाजू सोडायचा नाहीस. कायम शेवटचा. आणि शर्यत संपली की विचारायचास, "सगळे सुखरूप पोचले मां?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मी अजून खेळते, आणि चांगली खेळते. पण घरात कोणी नसलं की ती जुनी शर्यत लावते, डाव्या बाजूने सावकाश जाते, आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना पुढे जाऊ देते.