रॉटरडॅमला पेटीवाली हवी आहे

२५ ऑक्टो., शनि.
तालीम स. ११ ते १, मोनाच्या व्हिलात. (मोना: इजिप्तची, दातांची डॉक्टर, आमची पियानोवाली.) दिवाळीचा उरलेला फराळ नेला होता. चकल्या पंधरा मिनिटांत खलास. कार्लोने एकट्याने सहा खाल्ल्या आणि तेलकट बोटांनी व्हायोलिन उचललं. मी ओरडले, तर त्याने "सॉरी मॅम" म्हणून सातवी घेतली.

निघताना हेंकने सगळ्यांसमोर बॉम्ब टाकला. रॉटरडॅमचा त्याचा टँगो ऑर्केस्ट्रा, तीस वर्षं त्याने चालवलेला, पुन्हा पोरका झालाय. मुलीकडे अबू धाबीला कायमचं येताना ज्याच्या हवाली केला होता तो सोडून गेला. त्यांना नवा लीडर हवा. "आय गेव्ह देम युवर नेम," मला म्हणाला. पुढच्या सप्टेंबरपासून मेपर्यंत, एक सीझन. जमलं तर पुढे. त्यांची एक बाई मला ऐकायला येणार.

मी हसले. बाकी कुणीच हसलं नाही, म्हणून थांबले.

२६ ऑक्टो.
नाश्त्याला रवीला सांगितलं. "रॉटरडॅम? मोठं पोर्ट आहे." नवऱ्याला जग बंदरं आणि पाइपलाइनींतूनच दिसतं, वीस वर्षं मुसाफाच्या गोदामांत तेच करतोय. मग पोह्यांवर लिंबू पिळत बसला. एकाच फोडीतून किती रस काढणार?

माझं मलाच नवल वाटतं. पाच वर्षांपूर्वी गणपतीत पेटीच्या साथीला बसले होते. हेंकला त्याच्या मुलीच्या शेजाऱ्यांनी प्रसादाच्या नावाखाली धरून आणलेलं. कार्यक्रम संपल्यावर तो थेट स्टेजवर आला आणि माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवून विचारलं, हाताला श्वास घ्यायला कुणी शिकवलं? भात्याबद्दल बोलत होता. मी म्हटलं, बाबांनी. महिन्याभरात त्याचं जुनं बँडोनियन माझ्या मांडीवर. पेटीच, पण भाता दोन्ही हातांनी ताणायचा, आणि पट्ट्यांऐवजी बटणं. एकच बटण उघडताना एक सूर देतं, मिटताना दुसरा. पहिले सहा महिने मी रडले. पुढचे सहा महिने रवी रडला, भिंत पातळ आहे.

आता एकावन्न. सात जणांच्या ऑर्केस्ट्राची लीडर, सगळे हौशी. मी इथे मजेत आहे. मुद्दाम लिहून ठेवते, कारण मन उगाच भरकटायला लागलंय.

१ नोव्हें., शनि.
हेंक आज फार खडूस. ७६ वर्षांचा माणूस दोन तास उभा. आमच्यात काडी हलवणारा कुणी नसतो. लीडर बँडोनियन घेऊन मध्ये बसतो, भाता उघडतो, त्या श्वासावर सगळे सुरू. आज माझा श्वास त्याला "टू पोलाइट" वाटला. चौदा वेळा सुरुवात. मोना शेवटी म्हणाली, "हबीबती, जस्ट शाउट ॲट अस."

दुसरी कटकट: माझी नजर. मी बोटांकडे बघते. त्याचं म्हणणं, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघ. मोनाच्या मजलिसमध्ये, म्हणजे दिवाणखान्यात, पाय कुठले? मग तोच नाचून दाखवायला लागला, गुडघा दुखेपर्यंत.

६ नोव्हें.
एसीच्या कोरड्या हवेने बँडोनियनचा एक सूर करकरतोय. कपाटात पाण्याचं भांडं ठेवलं. रवीने मोबाइलचा चार्जर शोधायला कपाट उघडलं आणि भांडं सांडलं. दोघांनी मिळून पुसलं, मग एकदमच हसलो.

१५ नोव्हें., शनि.
अनेलीस आली. त्या ऑर्केस्ट्राची पहिली व्हायोलिन, साठीची, उंच, कमी बोलणारी. जेवायला घरी बोलावलं. थालीपीठ हाताने खाल्लं, तिसरं मागून घेतलं. रवीने तिला मुसाफाच्या गोदामांची माहिती दिली, आणि ती चक्क प्रश्न विचारत होती.

माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. उद्या दुपारच्या नाचाच्या कार्यक्रमात आमच्याबरोबर वाजवणार, तेच ऐकणं.

१६ नोव्हें., रवि.
लिहू की नको.

हॉल भरलेला, वीसेक जोड्या. तिसऱ्या टँगोपर्यंत मी खरंच पायांकडे बघत होते. एक म्हातारी फिलिपिनो बाई आणि तिचा मुलगा इतकं सुंदर चालत होते की मी त्यांच्यासाठीच वाजवायला लागले. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग शेवटचा. टँगो संपतो दोन ठोक्यांवर. पहिला ठाम, दुसरा इतका हळू की जेमतेम ऐकू यावा. नाचणाऱ्यांच्या ते रक्तात असतं, त्यावर पाऊल जुळवून ते थांबतात. आणि मी? रंगात आले. शेवटची ओळ वाजवली, ठोके द्यायचे तिथे तीच ओळ पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा, आणि दणकून समेवर आले. तिहाई! तीस वर्षं भजनांना साथ केलेले हात, त्यांना कुणी विचारलंच नाही. बाबा असते तर "वा" म्हणाले असते.

हॉलमध्ये मात्र सगळे पहिल्या वेळी थांबले, दुसऱ्या वेळी दचकून निघाले, तिसऱ्या वेळी एकीची टाच जोडीदाराच्या बुटावर. मोनाने पियानोवरचे हात वर घेतलेले. एकटा कार्लो माझ्याबरोबर शेवटपर्यंत, तो डोळे मिटून माझ्यामागून येतो. अनेलीसचा गज हवेत.

कुणीतरी हसलं, मग टाळ्या, पण त्या सांत्वनाच्या. हेंक स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मला जमिनीत जावंसं वाटलं.

१७ नोव्हें.
हेंक सकाळी नऊला दारात. चहा नको म्हणाला, म्हणजे खरंच चिडलेला.

"शेवट तुझा नसतो," म्हणाला. "तो त्यांचा. तू तो काढून घेतलास."

मी माफी मागितली. मग त्याने चहा घेतला आणि आपोआप बोलायला लागला. तरुणपणी बंदरावर कारकून होता, शनिवार-रविवारी लग्नांत ॲकॉर्डियन. पहिला स्वतःचा टँगो ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा असा सुसाट वाजवायचा की लोकांनी बोटं बघत राहावं. लोक बघतच राहिले, फ्लोअर रिकामा. शेवटी एक म्हातारं जोडपं उरलं होतं, तेही कोट घालून निघालं. दुसऱ्या दिवसापासून त्याने पाय बघायला सुरुवात केली. "त्यानंतर तीस वर्षांत माझी बोटं कुणी पाहिली नाहीत. फार छान गेली ती वर्षं."

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. राग गेला असावा.

१८ नोव्हें.
अनेलीस निघाली. एअरपोर्टला जाताना गाडीत म्हणाली, ते तीनदा कसं मोजलंस ते दाखव. मी मांडीवर टाळी देऊन दाखवलं. तिने करून पाहिलं, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर समेवर आली आणि लहान मुलीसारखी हसली.

"आम्ही नऊ जण आहोत. मतदान होईल," म्हणाली. "परवा नाचणारे चिडले होते. मी नाही चिडले. पण आम्ही नाचणाऱ्यांसाठी वाजवतो." एवढंच. गाडी चालवणाऱ्या रवीने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

२३ नोव्हें., रवि.
लेक सई शारजाहून आली, दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकून. भरली वांगी, भात, कढी. दुपारी तिघंही आडवी. असा रविवार असला की मला दुसरं काही नको असतं.

संध्याकाळी भांडी पुसताना:
"आई, डू यू वाँट इट?"
"ते त्यांच्या मतावर आहे गं."
"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."
तिच्या हातात कढईचं झाकण दिलं.

२९ नोव्हें., शनि.
तालमीच्या मधेच मेल. पाच विरुद्ध चार. या म्हणतात. राहायला अनेलीसच्या घराचा वरचा मजला. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं.

मोनाने किंचाळून मिठी मारली. कार्लोने विचारलं, "मॅम, मग सुरुवात कोण देणार?" हेंक खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. रडत होता. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, डोळ्यांत वाळू गेली. बंद खिडकीतून!

घरी येताना कळलं की इतके दिवस मी त्यांच्या नकाराला टेकून बसले होते. ते नाही म्हणतील, मी दोन दिवस हळहळेन, मग पुन्हा आपलं सगळं जागच्या जागी. आता टेकायला काही नाही. रवीला सांगितलं. "अभिनंदन," म्हणाला, अगदी मनापासून, आणि मग गाडी धुवायला खाली गेला. गाडी कालच धुतली होती.

२ डिसें., मंगळ.
नॅशनल डेची सुट्टी. सकाळपासून रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या, हॉर्न. एक विमान इतकं खालून गेलं की कपबशा वाजल्या.

रवीने दुपारी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. एक्सेल शीट. वर नाव: शुभदा नसताना. कामं एका रकान्यात, उपाय दुसऱ्यात. कुकर: येतो. इस्त्री: लाँड्री. सईचा वीकेंड: एकाआड एक मी शारजाला. बीपीच्या गोळ्या: अलार्म, दोन. डिसेंबरमध्ये रॉटरडॅम: पंधरा दिवस रजा, साहेबांशी बोललो. बोललो! मला न सांगता. हसले, आणि पुढच्या ओळी मोजल्या.

एकूण तेवीस ओळी, बावीस ओळींपुढे उपाय. फक्त एकीपुढची जागा रिकामी. "सं. ६ ते ७." त्या वेळी मी रियाज करते आणि तो शेजारच्या खुर्चीत क्रिकेट बघतो, आवाज बंद करून. कधी एकमेकांशी बोलतही नाही.

"हे राहिलं?" विचारलं.
"इथे काय लिहायचं ते सुचेना," म्हणाला. "तू बघ."

मी काहीच लिहिलं नाही. शीट सेव्ह करून लॅपटॉप मिटला.

मला जायचंय. इतक्या दिवसांत हे इथे पहिल्यांदा लिहिते आहे, रवीला अजून या शब्दांत सांगितलेलं नाही. शुक्रवारला तीन दिवस आहेत. सहाला पाच कमी, आणि तो आत्ताच खुर्ची ओढून बसलाय.