बोर्तोलोने बदललेली चक्री

गार्दोने, २९ सप्टेंबर

ति. ओत्तोरिनो दाजींस फियोरेंझोचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? डेल्फिनाताईला सांगा, तिने पाठवलेलं चीज पोचलं. (वजनाला थोडं कमी भरलं, पण मी काही म्हणत नाही.)

माझं जुन्या धाटणीचं, बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारं रिव्हॉल्वर तुम्हाला माहीत आहेच. घोडा ओढला की गोळ्यांची चक्री फिरायला हवी, ती ऑगस्टात फिरेना. आतली बोटाएवढी स्प्रिंग मोडली होती. ज्या कारखान्याने ते घडवलं तो केव्हाच बंद पडलाय. ब्रेशियाहून टपालाने दुसरी मागवली, डबीवर 'हमखास बसेल' असं छापलेलं. ती केसभर रुंद निघाली. शेवटी बोर्तोलोकडे गेलो. तीस वर्षं बंदुकांवर कानशी चालवलेला माणूस, शिवाय माझा पत्त्यांतला जोडीदार. तो म्हणाला, "या सगळ्या बहिणी दिसतात रे, पण प्रत्येकीची आई वेगळी. ठेवून जा."

ठेवून जा! दाजी, इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याच्याकडेही असलंच रिव्हॉल्वर आहे, त्याची चक्री झिजलेली, आणि नेमबाजी क्लबाची स्पर्धा महिन्यावर. म्हणून देण्याआधी मी बायकोच्या सुईने चक्रीवर बारीक फुली ओरखडली. तीन आठवड्यांनी रिव्हॉल्वर परत आलं, ते थेट स्पर्धेच्या सकाळी. फुली गायब.

मी क्लबात, सगळ्यांसमोर विचारलं, "बोर्तोलो, माझी चक्री कुठे आहे?"

तो चिडलासुद्धा नाही. चक्री फिरवून गोळीच्या तिसऱ्या घरापाशी नख ठेवलं. तिथे पोचा होता, माझ्याच हातून पडून झालेला. "गंज चढला होता, घासला. त्यात कुणाची तरी फुली गेली," एवढंच बोलला आणि निघून गेला. त्याचं नाव नेमबाजांच्या यादीत नव्हतं. का, ते क्लबाच्या चिटणीसबाईंनी सांगितलं: नवी स्प्रिंग कुठेच मिळेना, म्हणून त्याने स्वतःच्या रिव्हॉल्वरची काढून माझ्यात बसवली होती.

मी नेम धरला, पण नजर सारखी दाराकडे जात होती. सातवा आलो. (सातच जण होते.) तेव्हापासून बोर्तोलो पत्ते खेळायला येत नाही. मी रोज त्याची खुर्ची अडवून ठेवतो. लोकांना वाटतं मला पाय पसरायला जागा लागते.

ताईला नमस्कार.
तुमचा फियोरेंझो

ता. क. खरं काम हे: तुमच्या दिवाणखान्यात भिंतीवर त्याच कारखान्याचं रिव्हॉल्वर नुसतं टांगलेलं आहे. त्याची स्प्रिंग काढून पाठवा. बोर्तोलोला द्यायचीय, स्वतः जाऊन, माफी मागून. मला आता कुणाचाही संशय नाही.

ता. क. २. पाठवण्याआधी स्प्रिंगचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि पाकिटावर ताईची सही घ्या. तुमच्यावर विश्वास आहेच, पण तुमच्या गावचा पोस्टमनही नेमबाज आहे असं ऐकतो.