तुझ्या सात वह्या

प्रिय राजेश्वरी,

शरणू. पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे बरे आहेत. माझा खोकला आहे तसाच आहे. फोन करता आला असता, पण तू सध्या आहेस तिथे, बार्शीला, फोन केला की चंद्रिका तो स्पीकरवर टाकते आणि सगळं घर ऐकत बसतं. तुझी आत्या आहे, माझी लेक आहे, तरी हे आधी तू एकटीनेच वाचावंस असं मला वाटतं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, लिहिण्यात चुका होतील. पोस्टातला माणूस म्हणाला की दोन दिवसांत पोचेल, पण त्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं, त्यामुळे तीही एक काळजी लागली आहे.

पुढच्या शुक्रवारी नातेपुत्याची मंडळी तिथे बार्शीला सुपारी फोडायला येणार. मुलगा बरा आहे, स्वतःचं दुकान आहे, माणसं वाईट नाहीत असं चंद्रिका सांगते. त्यांचं म्हणणं एकच, मुलीने नोकरीचं नाव काढायचं नाही. रविवारी तू फोनवर होकार दिलास तेव्हा तुझ्या आईला रडू आलं, तुझा बाप मल्लिनाथ पेढे घेऊन आला. मग तू फोन माझ्याकडे द्यायला सांगितलास आणि म्हणालीस, "आज्जा, तुमचंच खरं होतं की. मला ते कधी येतच नव्हतं. लॅपटॉप विकून टाका म्हणून सांगितलंय बाबांना." पेढा माझ्या हातात तसाच राहिला. आज चार दिवस झाले, मी ताटावरून अर्धवट उठतो. तुझी आई विचारते, मी पित्ताचं कारण सांगतो.

मी तुला किती बोललो ते सगळं आठवतंय. बी. कॉम. झालीस आणि कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग शिकायला खिडकीजवळच्या कोपऱ्यात पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून बसायला लागलीस. त्यात कुठला तरी माणूस भरभर बोलायचा, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. मी येता-जाता टोचायचो. असं बघून विद्या आली असती तर मी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून पोहायला शिकलो असतो, असं म्हणायचो. तू हसायचीस. माझा राग त्या माणसावर होता. तो शिकवून निघून जातो, तू काय केलंस ते बघायला थांबत नाही. कारखान्यात मला जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी उतरवण्याचं, काम शिकवणारे आमचे प्रभुअण्णा तसे नव्हते. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर, मग पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून उतरवायचा. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. एक भोक चुकलं की चादरीतल्या प्रत्येक मोराला तोच डाग. पहिली दोन वर्षं अण्णांनी मला भोक पाडूच दिलं नाही, नुसती कार्डं दोरीने ओवायला लावली. चुकलं की काही बोलायचे नाहीत, शेजारी येऊन उभे राहायचे. त्या उभं राहण्याने मी शिकलो. तुझ्या शेजारी कोण उभं राहणार, ही माझी काळजी होती. पण ती मला तशी बोलता आली नाही. बोललो ते टोमणेच.

मग नव्या पेठेतून जुनं पुस्तक आणलं. कॉम्प्युटरचं आहे आणि एवढं जाड आहे, म्हणजे यात सगळं असणार असं मला वाटलं. तू पहिलं पान उघडून साल तेवढं बघितलंस. रोज दोन पानं हाताने उतरवून काढायची, असा मी नेम घालून दिला. महिनाभर तू तो पाळलास. पुढे तुझ्या आईने सांगितलं की त्यातलं निम्मं आता चालतच नाही, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती लिहीत बसते. मला त्याचाही रागच आला. चार दिवस मी तुझ्याशी धड बोललो नाही.

सोमवारी लॅपटॉपची पावती शोधायला मल्लिनाथने मला तुझी ट्रंक उघडायला सांगितली. त्यात सात वह्या निघाल्या. शंभर पानी, सगळ्या भरलेल्या. तुझं ते इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कडेला तू मराठीत लिहिलं आहेस. तारीख, वेळ, आणि खाली 'चुकलं'. 'परत चुकलं'. 'व्हिडिओ बंद करून केलं, जमलं नाही'. 'तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा, आता कळलं तो काय गाळून पुढे गेला ते'. एका ठिकाणी तर 'पुस्तक पान १४०, हे व्हिडिओत कुणीच नीट सांगत नाही, आज्जांच्या पुस्तकात आहे'. ते मी दोनदा वाचलं. वेळ बहुतेक ठिकाणी पहाटे पाचची. त्या वेळी मला खोकला येतो आणि तू गरम पाणी आणून द्यायचीस. मला वाटायचं, पोरगी माझ्यासाठी उठते.

एक गोष्ट मला या वयात कळली. आमच्या धंद्यात काम करताना ठोक्यांचा आवाज व्हायचा, आणि बघताना सगळं शांत. तुझ्या धंद्यात उलटं आहे. बघताना त्या माणसाचा आवाज घरभर, आणि तू स्वतः करायला लागलीस की घर शांत. मी नुसता आवाज ऐकला. शांत असायचीस तेव्हा मला वाटायचं, झोपली असेल.

मागच्या मागच्या दिवाळीत तू मला लॅपटॉपवर स्वतः बनवलेल्या चौकटी दाखवल्या होत्यास. बोट लावलं की चौकट काळी व्हायची आणि शेजारी कार्डावर भोक उमटायचं. मोराच्या मानेत एक भोक जास्त आहे हे मी लगेच सांगितलं. तू लॅपटॉप उचलून नेलास आणि तीन दिवसांनी दुरुस्त करून आणलास. मी म्हणालो, व्हिडिओवाल्याने सांगितलं असेल. पाचव्या वहीत त्या मोराची तेवीस पानं आहेत. शेवटच्या पानावर लिहिलं आहेस, 'आज्जांनी काढलेली चूक बरोबर होती'.

आता लिहायचं ते लिहितो. दोनदा पेन खाली ठेवलं. पुण्याच्या कंपनीत तुझ्या नोकरीचं जवळजवळ ठरलं होतं तेव्हा त्यांनी चौकशीला दोन माणसांची नावं मागितली. एक तुझ्या कॉलेजचे सर, आणि दुसरं तू माझं दिलंस. आज्जा जकार्डवाले आहेत, त्यांना काम कळतं, असं तू आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं आणि मला लई बरं वाटलं होतं. फोन आला तेव्हा तू बाजारात गेली होतीस. कंपनीतल्या बाई फार नीट बोलल्या. ते मोराचं काम तिने स्वतः केलंय का, सराव कितपत आहे, असं विचारलं. तुला माहीत नसेल, आमच्या कारखान्यांत शेठने आपल्या माणसाबद्दल विचारलं तर त्याची स्तुती करायची नसते. जो स्तुती करतो तो माणूस गळ्यात मारतोय असं समजतात. कमी करून सांगायचं आणि पदरात घ्या म्हणायचं, हीच आमची हमी. प्रभुअण्णांनी माझ्याबद्दल शेठला तसंच सांगितलं होतं आणि त्याच दिवशी मी कामाला लागलो. मीही उभा राहून, अदबीने बोललो, "व्हिडिओ बघून बघून केलंय हो तिनं. अजून हात बसला नाही. तुमच्याकडे बसेल, ठेवून घ्या." त्या थँक्यू म्हणाल्या. तू आल्यावर मी सांगितलं, फोन आला होता, चांगलं बोललो. मला तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की तू सांगितलेलं आणि चौकशीत कळलेलं जुळत नाही. तू म्हणालीस, सरांनी घात केला. मी तिथेच बसलो होतो, राजी. मला त्याच क्षणी कळलं, आणि मी तोंड उघडलं नाही. दुसरी कंपनी बोलावेल, मग सांगू, असं म्हणत राहिलो. तू पुन्हा कुठे अर्जच केला नाहीस.

काल मी सरांच्या घरी जाऊन आलो. तिला डोळे झाकून कामावर घ्या असं त्यांनी पुण्याला सांगितलं होतं. तू त्यांना बघून रस्ता का बदलतेस, हे त्यांना दीड वर्ष कळत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं. घरी येऊन मल्लिनाथला आणि तुझ्या आईला सांगितलं. मल्लिनाथने लॅपटॉप परत तुझ्या कोपऱ्यात ठेवला. माझ्याशी तो बोलत नाही. पुण्याच्या त्या नंबरवर मी फोन केला होता. त्या बाई आता तिथे नाहीत, आणि जुनं काही सांगता येत नाही म्हणाले.

नातेपुत्याला नाही म्हण, असं सांगायला मी लिहीत नाही. मुलगा आवडला असेल तर हो म्हण. पण मला काही येत नाही म्हणून हो म्हणू नकोस, ते खोटं आहे आणि ते माझ्या तोंडून निघालेलं आहे. हे शुक्रवारच्या आधी तुला माहीत असावं, एवढ्यासाठी हे पत्र. तू नकार दिलास तर बार्शीत चंद्रिकाची मान खाली जाईल, नातेपुत्याची माणसं बोलतील. त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन, सगळं माझ्या नावावर सांगेन. शुक्रवारी मल्लिनाथ गाडी करणार आहे. मी गाडीत बसणार नाही असं तुझ्या आईला सांगून ठेवलं आहे. तू स्वतः बोलावलंस, तरच येईन.

तुझाच,
आज्जा
शिवलिंगप्पा