पुसलेला नंबर

मंगळवार, ९ मे

तर काय म्हणे, डिस्क गोल्फला मऊच पटर घे! आर्वोचं तेच तुणतुणं. परांचीवर चढताना तेच, उतरताना तेच, संध्याकाळी बटाटे सोलताना परत तेच. "पोरा, एकच पटर घे, उन्हाळाभर तोच फेक, हात आपोआप शिकेल." अरे, पण हात माझा आहे ना! पटर म्हणजे टोपलीत टाकायची चकती; मऊ असला की टोपलीजवळ बरा, मान्य. टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांना धरून राहतो, खाली पडला तर घरंगळत नाही. पण तोच साठ-सत्तर मीटर फेकायला घ्या — मुठीत दबतो आणि सुटतो भलतीकडेच. कडक पटर हातातून मस्त सुटतो. पण शेवटी डावीकडे असा कोसळतो की टोपली इकडे आणि चकती झुडपात.

मी दोन्ही घेतले. आर्वो म्हणाला, "दोन पटर म्हणजे हरायला दोन सबबी."

पन्नाशी उलटलेला माणूस, माझ्याच खोलीत राहतो, माझ्याच सॉसपॅनमध्ये अंडी उकडतो, आणि वर अक्कल शिकवतो.

गुरुवार, ११ मे

काल बुधवारची स्पर्धा. तळ्यामागच्या जंगलात. सगळे इथलेच फिनिश, एस्टोनियाचे आम्ही दोघंच. आर्वो यांच्यात वर्षानुवर्षं खेळतोय. मला नेलं तेव्हा एवढंच म्हणाला, "हा माझ्याबरोबर आहे." झालं, घेतलं त्यांनी.

साकू म्हणून एक आहे, माझ्याच वयाचा, जीभ फार. "अजून एक एस्टोनियावाला! आता बोटीचं इंजिन रात्री घरात घ्यायला पाहिजे." एस्टोनियाचे म्हणजे चोर, हा इथला जुना विनोद. सगळे हसले. मीही हसलो. आर्वो बुटाची नाडी बांधत होता.

शेवटून दुसरा आलो. कडक पटर दोनदा पाण्यात.

शनिवार, १३ मे

सुट्टी. एकटाच गेलो. एकाच जागेवरून आधी मऊ, मग कडक, परत मऊ, असं करत बसलो. मऊ वाऱ्यात लटपटतो. वारा पडला की बरा. कडक वाऱ्यात टिकतो, पण गारठ्यात बोटांत साबणासारखा निसटतो. आणि पडला की उडी मारून पळतो. म्हणजे पहिली फेक कडकने, टोपलीजवळची मऊने — असं काहीतरी ठरवत होतो.

कडक शोधायला दलदलीतल्या झुडपांत शिरलो आणि तिथे दुसराच सापडला. निळा. चिखलात अर्धा. धुतला. इतका वापरलेला की कड गुळगुळीत, खरचटलेली. उलटा केला तर आत जाड पेनने नाव — तौनो. खाली फोन नंबर.

तौनोला ओळखतो. शाळेत शिपाई आहे, गुडघा दुखतो म्हणून लंगडत खेळतो, बुधवारी सगळ्यांसाठी थर्मासमधून कॉफी आणतो.

इथे चकती सापडली की लगेच त्या नंबरावर निरोप टाकायचा. शेंबडी पोरंसुद्धा टाकतात. एप्रिलमध्ये माझी हिरवी हरवली होती, साधी, स्वस्तातली. एक बाई गाडी काढून आमच्या खोलीवर घेऊन आली. आत या म्हटलं तर आलीसुद्धा नाही.

फोन बाहेर काढला होता मी. खरंच काढला होता. मग वाटलं, एकदा फेकून बघू.

काय सांगू! टेबलावरून कुणी बशी सरकवावी तसा गेला. सरळ. शेवटी डावीकडे नावापुरता कलला आणि टोपलीच्या पायाशी बसला. बसलाच! हातात दबत नाही, निसटतही नाही. मी ज्याच्यासाठी दोन-दोन पटर घेऊन भांडतोय तो हाच. दुकानात असा मिळत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं झाडांवर आपटून आपटून तो असा केलेला असतो. तौनोने केलाय.

अंधारेपर्यंत फेकला.

रविवार, १४ मे

उद्या कळवतो.

मंगळवार, १६ मे

कळवलं नाही. आज कामावरून थिनर आणलं, चिंधीला लावलं आणि घासलं. आर्वो सॉनात होता. नाव लगेच गेलं. नंबर जाईना, मग सँडपेपर घेतला. आठव्या मजल्यावर परांची बांधतो तेवढ्या नेटाने घासलं!

नंबर गेला. पण आता मला तो पाठ झालाय.

गुरुवार, १८ मे

काल तिसरा आलो. तिसरा! आणि नेमका तौनो माझ्याच गटात. माझी फेक बघून म्हणाला, "सुरेख! माझाही असाच एक होता. निळाच. बर्फ वितळत होतं तेव्हा तळ्याकडे गेला तो गेलाच."

साकूला संधीच पाहिजे. "तो केव्हाच एस्टोनियात, टालिनच्या बाजारात विकला गेला असेल, तौनो!"

परत हशा. आर्वो मात्र हसला नाही. शांतपणे म्हणाला, "माझ्या पोराला सापडला असता तर त्याने तुला कळवलं असतं."

माझ्या पोराला. असं तो आधी कधी म्हणाला नव्हता.

तौनो म्हणाला, "हो, त्याने कळवलंच असतं." आणि मला कॉफी दिली. मी प्यायलो. गरम होती, जीभ भाजली. भाजली तेच बरं झालं.

साकूचं बोलणं खोटं पाडणारा एकच माणूस तिथे होता, आणि तो मीच असायला हवा होतो.

गुरुवार, २५ मे

काल मुद्दाम निळा नेला नाही. कडकने खेळलो, चार वेळा झुडपात. तौनो म्हणाला, "आज निळा कुठंय?" मी म्हटलं, "खोलीवर राहिला." म्हणाला, "राहू नये रे, चांगला आहे तो."

गुरुवार, १ जून

जिंकलो.

लिहिताना लाज वाटते. शेवटची टोपली तळ्यापलीकडे. साकू माझ्या बरोबरीला. त्याने मोठी चकती काढली, जोर लावला, टोपलीच्या मागे खूप लांब. मी निळा घेतला. आधी नाही घेतला, हात पिशवीत मऊ-कडक दोन्हींवरून फिरला, मग निळाच घेतला. पाण्यावरून गेला आणि बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साकूने पाठीवर थाप मारली, "काय रे, चोरून सराव करतोस की काय!" त्याच्या मनात काही नव्हतं.

मग तौनो लंगडत आला आणि हात पुढे केला. "बघू."

दिला. नाही कसा म्हणणार? त्याने फिरवला, कडेवरून बोट फिरवलं, मग उलटा केला. घासलेली जागा पांढरट, खरखरीत. त्याचा अंगठा तिथेच फिरत राहिला. मला वाटलं, आता. आता बोलणार. आर्वो बाजूलाच उभा, तळ्याकडे बघत.

तौनो म्हणाला, "बराच घासला गेलाय. दगडावर पडला असेल."

उत्तरसुद्धा त्यानेच दिलं. मी फक्त नाही म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "दगडावर."

त्याने पटर माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "जप."

रविवार, ४ जून

आर्वोशी कडाक्याचं भांडलो. कशावरून? पटरवरून! तो साधंच म्हणाला, की बक्षिसाच्या पैशातून मऊ घे, आता तुझा हात वळलाय. मी ओरडलो, तुझं मऊ-मऊ पुरे, तू काय माझा बाप आहेस का, मी तुझ्याबरोबर आलो म्हणजे तुझा गुलाम नाही झालो! एवढं सगळं. भिंतीपलीकडच्यांनी टीव्ही बंद केला, ऐकायला.

आर्वो बटाटे सोलत होता. सोलत राहिला. मग म्हणाला, "तू पटरबद्दलच भांडतोयस ना, पोरा?"

मी दार आपटून बाहेर आलो. पार्किंगमध्ये बसून राहिलो. ऊन होतं, काय सुंदर संध्याकाळ होती, आणि मला कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं.

बुधवार, ७ जून

खेळायला गेलो नाही. आर्वोला सांगितलं पोट बिघडलंय. त्याने माझ्यासाठी काळा ब्रेड आणि ताक ठेवलं आणि गेला.

तो गेल्यावर फोन घेतला. नंबर टाकला — एकही आकडा चुकला नाही. आधी सगळे लिहितात तेच लिहिलं: तौनो, तुझी चकती सापडली आहे. मग ते बघून स्वतःचीच किळस आली. पुढे लिहिलं: मे महिन्यातच सापडली होती. नाव मी पुसलं. दगडावर पडली नव्हती. साकूचं म्हणणं खरं होतं. आर्वोला यातलं काही माहीत नाही, त्याला बोल लावू नकोस. उद्या शाळेत आणून देतो. — एर्को.

पाठवून टाकलं. वाचलं की तो सगळ्यांना दाखवेल. दाखवू दे.

आर्वो आला, नेहमीसारखा. कोण जिंकलं सांगितलं. पोट कसंय विचारलं.

गुरुवार, ८ जून

तौनोचं उत्तर आलं. सकाळी, परांचीवर असताना.

"आणू नकोस, तो माझा नाही. तू नाव पुसायच्या आधीच, एका रविवारी आर्वो माझ्याकडे आला होता. तुझ्या पिशवीत माझं नाव बघितलं म्हणाला. चकतीचे वीस युरो टेबलावर ठेवले. म्हणाला, पोरगा स्वतः कळवेल, तोवर तू काही बोलू नकोस. आम्ही दोघं दर बुधवारी वाट बघत होतो."

आर्वो आत्ता स्वयंपाकघरात आहे. मधे फक्त एक दार. तीनदा उठलो, तीनदा बसलो. तोंडाने जमत नाही. फोनवरून ते पैसे त्याच्या खात्यात पाठवतोय. निरोपाच्या जागी लिहिलंय, "तौनोला कळवलं." वीस युरो.