अर्ध्या किलोच्या वजनावर चालणाऱ्या टंकयंत्राबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
विभागीय बीज साठवण कार्यालय,
परभणी.

अर्जदार : कु. सुमंगला दत्तराव पेडगावकर, शिक्षिका, रा. पालम, जि. परभणी.

विषय : पालम उपकेंद्रातील मराठी टंकयंत्र दुरुस्त करावे की बदलून नवे द्यावे, याचा एकदाचा निर्णय होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे वडील कै. दत्तराव पेडगावकर, लिपिक-टंकलेखक, पालम उपकेंद्र, यांनी वेळोवेळी केलेले अर्ज.
२) त्या सर्व अर्जांवरील आपल्या कार्यालयाचा एकच शेरा.
३) अर्जदाराचा हस्तलिखित अर्ज, व तो परत करणारे आपले पत्र.

महोदय,

१. सारे काही नेहमीसारखे होते त्या शेवटच्या दिवसापासून सुरुवात करण्याची परवानगी असावी, कारण वरील विषयातील दत्तरावांचा शेवटचा अर्ज त्याच दिवशी तयार झाला. फेब्रुवारी महिना होता. दत्तराव संध्याकाळी घरी आले आणि हात धुण्याआधी त्यांनी पिशवीतून कागद काढला. टंकलिखित कागदाखाली दोन सह्या लागतात हे आपण जाणताच. एक टंकलेखन करणाराची, दुसरी मूळ मसुद्याशी ताडून पाहणाराची. या ताडण्याला कार्यालयात रुजवात म्हणतात. उपकेंद्रात दुसरा लिपिक नसल्याने महत्त्वाचे कागद रुजवातीसाठी घरी येत. अर्जदार मोठ्याने वाची आणि दत्तराव मसुद्यावर बोट फिरवीत ऐकत. सह्या मात्र ते दोन्हीकडे स्वतःच ठोकीत. ही अनियमितता आता उघड करण्यास हरकत नसावी.

वाचून झाले की ते विचारीत, “कसं झालंय?” अर्जदाराला पुस्तके वाचण्याची सवय पुष्कळ, कौतुक करण्याची कमी. ती म्हणे, “ठीक हाय.” त्या दिवशीही तेवढेच म्हणाली. दत्तराव स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “ऐकलं का? लेक ठीक म्हणायलीय. म्हंजे पास केलं मला.” अर्जदाराची आई श्रीमती नर्मदाबाई आतून म्हणाल्या, “पास झालाव तर आधी हात धुवा. शाईची बोटं भाकरीला लावू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा निवून गेला. ते उठले नाहीत.

२. आता यंत्राविषयी. यंत्र अर्जदाराच्या आधीपासून शासनसेवेत आहे. त्याचा रूळ गुळगुळीत झालेला असून कागद तिरका सरकतो; म्हणून दत्तराव डाव्या हाताच्या अंगठ्याने कागद दाबून धरीत आणि उरलेल्या बोटांनी टंकलेखन करीत. ओळ संपत आली की घंटी वाजावयास हवी, ती वाजत नाही. म्हणून ते ओळीच्या शेवटी जिभेने ‘टक्’ असा आवाज करीत. पुढे पुढे घरी वर्तमानपत्र वाचतानाही ओळ संपली की टक् व्हायचे. शिपाई श्री. मुंजाजी यांचे म्हणणे असे की, बाहेर बाकावर बसून टक् मोजले की साहेबांचे पत्र किती लांबीचे आहे हे कळे, आणि चहा कधी टाकायचा तेही.

३. सर्वांत मोठा बिघाड कागद धरून सरकणाऱ्या गाडीचा. अक्षर उमटले की गाडी एकेक घर पुढे सरकावी यासाठी आत स्प्रिंगचा पट्टा असतो. तो तुटला. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत काम थांबू नये म्हणून दत्तरावांनी गाडीला सुतळी बांधली, ती टेबलाच्या कडेवरून खाली सोडली आणि तिच्या टोकाला बियाण्याचे नमुने तोलण्याचे अर्ध्या किलोचे लोखंडी वजन लटकावले. वजन खाली ओढते, गाडी पुढे सरकते. व्यवस्था तात्पुरती होती. तिला आता आठ-नऊ वर्षे झाली.

४. यंत्र दुरुस्त करावे अथवा बदलावे, असे अर्ज दत्तरावांनी दरवर्षी केले. प्रत्येक अर्ज त्याच यंत्रावर टंकलिखित करणे भाग होते, कारण उपकेंद्रात दुसरे यंत्र नाही. आणि प्रत्येक अर्जावर आपल्या कार्यालयाचा शेरा आला : “अर्ज स्वच्छ व सुवाच्य टंकलिखित असल्याने यंत्र सुस्थितीत असल्याचे दिसून येते. सबब दुरुस्तीची अथवा बदलीची आवश्यकता नाही.”

अर्जदाराने एकदा सुचविले होते की, अण्णा, एक अर्ज मुद्दाम खराब टाइप करून पाठवा. दत्तराव जेवता जेवता थांबले. म्हणाले, “खाली सही कुणाची राहणार? माजीच ना? मग?” विषय तेथेच संपला. एकेक स्वच्छ कागद निघेपर्यंत बरेच कागद बिघडत, पण ते पुरावे कार्यालयाबाहेर कधी गेले नाहीत. ते मुंजाजींकडे जात आणि मुंजाजी ते चुलीत घालून त्यावर चहा करीत. म्हणजे यंत्र नादुरुस्त असल्याचा सारा पुरावा उपकेंद्राने वर्षानुवर्षे दूधसाखर घालून पिऊन टाकला आहे.

५. दत्तरावांच्या पश्चात नवे लिपिक श्री. दिनकरराव रुजू झाले. ते सज्जन आहेत. पण नादुरुस्त यंत्राचा चार्ज घेण्यास ते तयार नाहीत. यंत्र नादुरुस्त आहे असे लिहून द्यावे म्हटले तर आपल्या दप्तरी ते सुस्थितीत आहे. दरम्यान तपासणीत असे निघाले की, लटकवलेले वजन तोलाई शाखेचे असून ते त्वरित परत करावे. परत केल्यास यंत्र चालत नाही. न केल्यास तोलाईचा हिशेब लागत नाही. तोलाईचे श्री. माणिकराव आजवर नमुने अर्ध्या किलोच्या दगडावर तोलत आले आहेत. ते अर्जदाराला म्हणाले, “ताई, दत्तरावानं मागितलं, मी दिलं. आता कागदावर परत घ्या म्हणायलेत. मी काय त्या मशीनीचा जीव घिऊ?”

यंत्राचा चार्ज पूर्ण नाही म्हणून दत्तरावांचे ना-देय प्रमाणपत्र नाही. ते नाही म्हणून आईचे कुटुंब निवृत्तिवेतन नाही. आई विचारते, “त्या डब्याचा निकाल लागला का?” अर्जदार म्हणते, लागेल. आई म्हणते, “तुझे अण्णाबी असंच म्हणायचे.”

६. यास्तव अर्जदाराने हाताने अर्ज लिहून समक्ष परभणीस दिला. तो परत आला. पत्रात नमूद होते : “अर्ज हस्तलिखित असल्याने यंत्राच्या स्थितीचा बोध होत नाही. संबंधित यंत्रावर टंकलिखित करून, यंत्र दुरुस्त करावे की बदलावे याबाबत टंकलेखकाच्या स्वयंस्पष्ट अभिप्रायासह सादर करावा.”

टंकलेखक अभिप्राय देण्यास उपलब्ध नाहीत. मात्र अर्जदार शाळेत असताना त्यांनी तिला टंकलेखन शिकविले होते, ते उपयोगी आले. दिनकररावांच्या परवानगीने, आज रविवारी, मुंजाजींनी खोली उघडून दिली. त्यांनी खुर्ची पुसली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

पहिला कागद तिरका गेला. दुसऱ्यावर गाडी अडली आणि एकाच जागी चार अक्षरे बसली. तिसऱ्यावर वजन झोके घेऊ लागले. चौथ्या कागदाला अर्जदाराच्या लक्षात आले की, दत्तराव बसताना डावा पाय पुढे का ठेवीत; वजन त्यांच्या चपलेला टेकून स्थिर राही. असे पुष्कळ कागद गेले. मुंजाजी दारात येऊन म्हणाले, “ताई, द्या ते इकडं, चहा टाकतो.” इतक्या वर्षांत प्रथमच असे कागद मुंजाजींना मिळाले नाहीत. ते सोबत जोडले आहेत.

तेव्हाच पाठविता आले असते. बिघडलेला अर्ज पाठवला की काम होणार, हे कळत होते. तरी अर्जदाराने पुन्हा कागद चढविला. खाली पेडगावकर हे नाव येणार होते. ओळीच्या शेवटी टक् केले. बाकावरून मुंजाजींनी आत पाहिले आणि लगेच मान फिरवली.

७. आता स्वयंस्पष्ट अभिप्राय. पट्टा, रूळ, घंटी, फितीची चाके सारे बदलावे, तर जुन्या पेटीत नवे यंत्र बसविल्यासारखे होईल, आणि पेटीही गंजलेली आहे. तसेच दुरुस्तीने यंत्र पूर्ववत होईल, असे म्हणता येत नाही. कारण पूर्वी जे चालत होते ते यंत्र नव्हते. एक अंगठा, एक चप्पल आणि एक जीभ चालत होती. हे सुटे भाग मिळत नाहीत.

सबब यंत्र निकालात काढून उपकेंद्रास नवे द्यावे, वजन माणिकरावांना परत करावे, व चार्ज पूर्ण झाल्याचे मानून नर्मदाबाईंचे काम मार्गी लावावे. जुने यंत्र अर्जदार मागत नाही. नव्या यंत्राची घंटी मात्र वाजून पाहून मग पाठवावी, एवढी विनंती.

हा अर्ज स्वच्छ टंकलिखित झाला आहे हे खरे. त्यावरून यंत्र सुस्थितीत असल्याचे कृपया दिसून येऊ नये.

आपल्या एका ओळीच्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
सुमंगला दत्तराव पेडगावकर

स्थळ : पालम
दिनांक : २४ ऑगस्ट १९८६

सोबत : १) वाया गेलेले कागद, गठ्ठा एक.
२) सुतळीचा तुकडा, वजनाशिवाय.

टंकलेखन : अर्जदार.

रुजवात : दुसरे कोणी नसल्याने अर्जदाराने एकटीने, मोठ्याने वाचून घेतली. वाचून संपल्यावर घरीच राहून गेलेला दत्तरावांचा शेवटचा अर्ज बाजूला ठेवलेला होता, तोही वाचला. एकही चूक नाही. नंतर खुर्चीकडे पाहून “अण्णा, लय सुंदर झालंय” असे म्हटले. हे वाक्य मूळ मसुद्यात नाही.